मॅक मिनी: ५९९ डॉलर आणि ५९,९०० रुपये यांत खरा फरक किती?

प्रश्न नोव्हेंबर २०२४चा, थोडक्यात असा आहे: ॲपलचा नवा एम४ मॅक मिनी (स्क्रीनशिवाय येणारा छोटा डेस्कटॉप संगणक, एम४ हे त्यातल्या चिपचं नाव) अमेरिकेत ५९९ डॉलरला आणि भारतात ५९,९०० रुपयांना आहे. डॉलर चौऱ्याऐंशीच्या आसपास असताना आपल्याला तो शंभराच्या भावाने लावलाय, ही लूट नाही का? मावसभाऊ डिसेंबरात न्यूयॉर्कहून येतोय, त्याला आणायला सांगू का? घेतलाच तर २५६ जीबी साठवणीचा घ्यावा की ५१२च्या? की त्याच पैशांत विंडोजचा मिनी पीसी बरा?

हे खरं तर तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिला, दोन देशांतल्या किमतींची तुलना कशी करायची. दुसरा, स्वस्त देशातून आणण्यात हातात किती उरतं. तिसरा, हे यंत्र तुमच्या कामाला त्या पैशांचं आहे का. लोक पहिल्या प्रश्नावर तासन्‌तास घालवतात आणि तिसऱ्यावर पाच मिनिटं, पण पैसे जातात ते तिसऱ्यात. खालचे सगळे आकडे नोव्हेंबर २०२४मधल्या किमती आणि त्या वेळचा ८४.१ रुपयांचा डॉलर धरून आहेत. दर बदलला की आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

आधी लुटीचं बघू. अमेरिकेत जाहीर होणारी किंमत विक्रीकर सोडून असते. कर राज्यागणिक, शहरागणिक वेगळा, त्यामुळे तो बिलावरच लागतो. भारत, ब्रिटन, जर्मनी, जपान इथे जाहीर किंमत कर धरून असते. म्हणजे ५९९ आणि ५९,९०० हे आकडे शेजारी ठेवणंच चूक. आधी दोन्हीकडचा कर काढायचा. भारतात संगणकावर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणून ५९,९०० ला १.१८ने भागायचं. (१८ टक्के वजा करायचे नाहीत. ही चूक इतक्यांदा दिसते की सांगून ठेवलेलं बरं.) उत्तर येतं ५०,७६३ रुपये. त्याला ८४.१ने भागा, ६०४ डॉलर होतात. अमेरिकेत ५९९. फरक पाच डॉलरचा, म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. शंभराचा डॉलर वगैरे काही नाही. ९,१३७ रुपये जीएसटी आहे, तो ॲपलकडे नाही, सरकारकडे जातो.

हीच भागाकाराची रीत इतर देशांना लावून पाहा. ब्रिटनमध्ये किंमत ५९९ पौंड, व्हॅट २० टक्के. कर काढला की ४९९ पौंड, त्या वेळच्या दराने साधारण ६४९ डॉलर. जर्मनीत ६९९ युरो, व्हॅट १९ टक्के. कर काढून ५८७ युरो, म्हणजे ६३४ डॉलरच्या आसपास. जपानमध्ये ९४,८०० येन, कर १० टक्के. कर काढून सुमारे ८६,२०० येन, आणि येन घसरलेला असल्यामुळे ते फक्त ५६० डॉलरच्या जवळपास पडतात. म्हणजे या पाच देशांत करपूर्व किमतीत सगळ्यात महाग ब्रिटन आणि सगळ्यात स्वस्त जपान. भारत अमेरिकेच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे. नुसतं छापील किमती बघून हे कुणालाही वाटणार नाही.

मग भारतात ॲपलचं सगळं महाग, हा समज कुठून आला? तो बहुतांशी आयफोनमुळे. आयफोन १६ प्रो तेव्हा अमेरिकेत ९९९ डॉलरला आणि भारतात १,१९,९०० रुपयांना होता. कर काढून तो १,२०८ डॉलरला पडत होता, वीस टक्क्यांहून जास्त महाग. मोबाइलवर सीमाशुल्क आहे. जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात ते वीसवरून पंधरा टक्के झालं. संगणकाचं तसं नाही. १९९६मध्ये जागतिक व्यापार संघटनेत माहिती तंत्रज्ञान करार झाला, त्यात भारत सामील झाला आणि संगणकावरचं मूळ सीमाशुल्क शून्यावर आलं. त्यामुळे फोनच्या अनुभवावरून संगणकाची किंमत जोखायला गेलात की हिशेब चुकतो.

अर्थात सगळ्या मॅक मिनींना हे लागू नाही. एम४ प्रो चिपचा मिनी अमेरिकेत १,३९९ डॉलर, भारतात १,४९,९०० रुपये. करपूर्व १,२७,०३४ रुपये, म्हणजे १,५१० डॉलर. आठ टक्के जास्त. नेहमीचा प्रकार आहे: ज्या मॉडेलची किंमत जाहिरातीत झळकते ते घासून लावलेलं असतं आणि वरच्या मॉडेलांत हातचं राखलेलं असतं. म्हणून एका मॉडेलवरून अख्ख्या मालिकेबद्दल मत बनवू नका. जे घ्यायचंय त्याचाच भागाकार करा.

हे हातचं का राखतात तेही समजून घ्या, म्हणजे पुढचा अंदाज बांधता येतो. स्थानिक किंमत एकदा ठरली की ती साधारण पुढचं मॉडेल येईपर्यंत टिकवायची असते. मधल्या काळात चलन घसरलं तर तोटा कंपनीचा, म्हणून सुरुवातीलाच थोडी गादी ठेवतात. २०२० साली एम१ मिनी ६९९ डॉलरला होता आणि भारतात ६४,९००. तेव्हाच्या साडेचौऱ्याहत्तरच्या डॉलरने करपूर्व ७३८ डॉलर, म्हणजे साडेपाच टक्के गादी. २०२३ला एम२ मिनी ५९,९०० झाला आणि २०२४ला एम४ही ५९,९००च राहिला, मधल्या काळात रुपया घसरूनही. गादी तेवढी झिजली. चलन फारच घसरलं तर कंपनी मध्येच किंमत वाढवतेही. २०२२ साली येन कोसळल्यावर ॲपलने जपानमध्ये चालू मॉडेलांच्याच किमती वाढवल्या होत्या. एकूण काय, मॉडेल जुनं होत जाईल आणि रुपया घसरत जाईल तसतशी भारतातली खरेदी डॉलरच्या हिशेबात आपोआप स्वस्त होत जाते. युरोपातल्या किमतीत आणखी एक गोष्ट दडलेली असते: तिथे विक्रेत्यावर दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते. तो खर्च कुठून तरी वसूल होणारच.

आता मावसभाऊ. इथे मात्र कर काढून चालणार नाही, कारण त्याला न्यूयॉर्कमध्ये कर भरावाच लागणार. तिथे राज्य, शहर आणि स्थानिक वाहतूक मिळून विक्रीकर ८.८७५ टक्के. ५९९चे झाले ६५२ डॉलर, म्हणजे ५४,८४७ रुपये. तुम्ही तुमचं भारतीय क्रेडिट कार्ड देणार असाल तर बहुतेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत परकीय चलनाचा अधिभार आणि त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी. हे धरून बेरीज ५७,११२. भारतातल्या किमतीशी फरक उरला २,८०० रुपयांच्या आत. ऑरेगन किंवा डेलावेअरसारख्या विक्रीकर नसलेल्या राज्यातून आणलात तर हाच आकडा ५२,४५६ येतो आणि सुमारे साडेसात हजार वाचतात. म्हणजे ‘अमेरिकेतून’ आणणं हे पुरेसं वर्णन नाही. कुठल्या राज्यातून ते विचारायचं. आणि परदेशी पाहुण्याला करपरतावा मिळतो हे युरोपबद्दल ऐकलेलं अमेरिकेला लावू नका, न्यूयॉर्कचा विक्रीकर विमानतळावर परत मिळत नाही. ब्रिटनमधली पर्यटकांची ती सोयही १ जानेवारी २०२१पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये बंद झाली.

आणि सीमाशुल्काच्या काउंटरवर तर घोडं हमखास पेंड खातं. प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काविना आणता येतो ही सवलत सगळ्यांना माहीत असते, आणि मिनी तर लॅपटॉपहून लहान, म्हणून लोक तो त्याच सवलतीत धरतात. ती सवलत लॅपटॉपलाच आहे, डेस्कटॉपला नाही. मिनी येतो शुल्काविना आणायच्या वस्तूंच्या सर्वसाधारण मर्यादेत. नोव्हेंबर २०२४मध्ये लागू असलेल्या २०१६च्या बॅगेज नियमांनुसार ती ५०,००० रुपये होती आणि त्यावरच्या रकमेला अधिभारासह ३८.५ टक्के शुल्क पडत होतं. मिनीची नुसती करपूर्व किंमतच ५०,३७६ रुपये होते, म्हणजे एकट्या मिनीने मर्यादा संपली. त्याच बॅगेत मावशीसाठी दहा हजारांचं घड्याळ असेल तर त्या नियमांनी त्यावर ३,८५० रुपये शुल्क व्हायचं आणि तुमचे २,८०० वाचवण्याचा खटाटोप तोट्यात जायचा. बायकोची आणि स्वतःची मर्यादा एकत्र करून मोठी वस्तू आणता येत नव्हती. मर्यादा प्रत्येक प्रवाशाची स्वतंत्र होती. हे दर आणि मर्यादा सरकार बदलत असतं, तेव्हा प्रवासाच्या आठवड्यात सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्यायचं.

परदेशातून आणलेल्या यंत्राचे तांत्रिक प्रश्न मात्र या बाबतीत जवळजवळ नाहीत, आणि मिनीचं हे एक सुख आहे. लॅपटॉप आणला की कळफलकाची मांडणी त्या देशाची येते. मिनीबरोबर कळफलक येतच नाही. वीजपुरवठा आतच आहे आणि तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो, ट्रान्सफॉर्मर लागत नाही. खोक्यात येणाऱ्या वायरीला अमेरिकी चपटी पिन असते, पण यंत्राकडचं टोक इंग्रजी आठच्या आकाराचं, तेच जे कितीतरी प्रिंटरांना आणि सेट-टॉप बॉक्सना असतं. तशी भारतीय पिनेची वायर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. पिनेला ॲडॉप्टर लावून ती कायम लोंबत ठेवू नका, ढिला सांधा तापतो.

अडचण येते ती परत करताना. मॅकची एक वर्षाची वॉरंटी साधारणपणे दुसऱ्या देशातल्या अधिकृत सेवा केंद्रातही चालते, पण ती दुरुस्तीची. विक्रेत्याकडची चौदा दिवसांची परतफेड त्या देशापुरतीच. मावसभावाने थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये घेऊन खोकं न उघडता डिसेंबरअखेर तुमच्या हातात दिलं आणि तेव्हा एखादं पोर्ट चालत नाही असं निघालं, तर बदलून घ्यायला ते पुन्हा अमेरिकेतच पाठवावं लागतं. आणायचाच असेल तर त्याला तिथेच अर्धा तास काढायला सांगा: सुरू करायचा, पाचही यूएसबी-सी पोर्टांत काहीतरी लावून बघायचं, एचडीएमआय, वायफाय, हेडफोन तपासायचे. पण स्वतःच्या ॲपल खात्यात लॉगिन करू नको हे त्याला बजावून सांगा. तसं केलं आणि पुसायचं राहिलं तर यंत्र त्याच्या खात्याला बांधलेलं राहतं. चाचणी झाली की सेटिंग्जमधून सगळं पुसून टाकायचं.

तुम्ही व्यवसायासाठी घेताय का, हे प्रश्नात नाही, पण सगळ्यात मोठा फरक त्याने पडतो. जीएसटी नोंदणी असेल आणि बिलावर तुमचा क्रमांक घातलात तर ९,१३७ रुपयांचं इनपुट क्रेडिट मिळतं आणि यंत्र ५०,७६३ला पडतं. न्यूयॉर्कहून आणलेल्यापेक्षा हे स्वस्त, वर घसारा लावायला रीतसर बिल. महाविद्यालयीन विद्यार्थी किंवा शिक्षक असाल तर शैक्षणिक किंमत तेव्हा ४९,९०० होती. या दोनांपैकी एकही लागू होत असेल तर मावसभावाला बदामाच्या पाकिटापलीकडे काही सांगू नका. दोन्ही लागू नसतील तर बँकेच्या कार्डावरची सवलत बघा. ‘नो कॉस्ट ईएमआय’ घेताना एवढंच लक्षात असू द्या की व्याजाइतकी सूट देतात, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्याच माथी येतं. रक्कम काहीशे रुपयांची असते, पण शून्य नसते.

आता तिसरा प्रश्न, ज्यात खरे पैसे आहेत. ५९,९००च्या मिनीत १० कोअरची एम४ चिप, १६ जीबी मेमरी आणि २५६ जीबी एसएसडी, म्हणजे फाइली ठेवायची साठवण. ५१२ केलंत की ७९,९००. मेमरी २४ जीबी आणि एसएसडी ५१२ असा घेतलात की ९९,९००. प्रत्येक पायरीला वीस हजार. पहिली पायरी, म्हणजे ५९,९००चा मिनी, अतिशय किफायतशीर आहे: याआधीच्या एम२ मिनीत याच किमतीत ८ जीबी मेमरी होती आणि १६ जीबीसाठी तेव्हाही वीस हजार मोजावे लागत. म्हणजे चिप बाजूला ठेवली तरी नुसत्या मेमरीत किंमत उतरली. पण दुसऱ्या पायरीपासून सोन्यापेक्षा घडणावळ महाग. २५६ जीबी वाढवायला वीस हजार, आणि तेव्हा बाजारात एक टीबीची चांगली बाहेरची एसएसडी सात ते नऊ हजारांत येत होती.

म्हणून माझं मत: शंका असेल तर साठवण कमी घ्या, मेमरी कमी घेऊ नका. कारण साधं आहे. साठवण बाहेरून जोडता येते, मेमरी चिपच्या आवरणातच बसवलेली असते, ती नंतर कोणीही वाढवू शकत नाही. या मिनीत एसएसडीचा तुकडा सॉकेटमध्ये आहे आणि तो बदलणारे लोक आहेत, हे खरं. पण तो बाजारात मिळणारा नेहमीचा एम.२ प्रकारचा नाही (या नावाचा एम२ चिपशी संबंध नाही), ॲपलची त्याला मान्यता नाही, आणि बदलल्यावर यंत्र जिवंत करायला दुसरा मॅक लागतो. ज्यांच्याकडे दुसरा मॅक नाही आणि पेचकस धरायची सवय नाही, त्यांनी हा पर्याय हिशेबात धरू नये.

१६ जीबी पुरेल का, याचं उत्तर अंदाजाने देऊ नका, मोजा. सध्याचा संगणक मॅक असेल तर रोजच्या सगळ्यात जड कामाच्या वेळी, म्हणजे ब्राउझरच्या सगळ्या टॅब, कॉल, फोटो किंवा व्हिडिओचं सॉफ्टवेअर उघडं असताना, ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधला मेमरीचा भाग उघडा. ‘मेमरी युज्ड’चा आकडा फार महत्त्वाचा नाही, मॅक मोकळी मेमरी वापरूनच टाकतो. खालचा मेमरी प्रेशरचा आलेख बघा: हिरवा असेल तर ठीक, पिवळा वारंवार येत असेल तर काठावर, लाल म्हणजे कमी पडतेय. विंडोज असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्समधली मेमरी बघा. १६ जीबीच्या यंत्रावर ती सतत पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर असेल तर २४चा विचार करा. लेखन, हिशेब, वेब, फोटो, घरगुती ४के व्हिडिओ संकलन याला १६ पुरते. संगणकातच एआयची मोठी भाषिक मॉडेलं चालवायची असतील, आभासी यंत्रात (मॅकच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा संगणक) विंडोज रोज लागणार असेल, किंवा शेकडो ट्रॅकचं संगीत करायचं असेल तर २४च्या खाली जाऊ नका. इथे ग्राफिक्सलाही याच मेमरीतून वाटा जातो, हे विसरू नका.

२५६ जीबीत संसार करायचा तर थोडी शिस्त लागते. घरचं वापरकर्ता खातं आतच राहू द्या. अख्खं खातं बाहेरच्या डिस्कवर हलवायचे सल्ले मिळतील, पण डिस्क निघाली किंवा उशिरा जोडली गेली की लॉगिनच बिनसतं. हलवायच्या त्या जड गठड्या: फोटो लायब्ररी, व्हिडिओचे प्रकल्प, संगीत. बाहेरची एसएसडी डिस्क युटिलिटीमधून एपीएफएस पद्धतीने फॉरमॅट करा. विकत घेताना ती बहुधा एक्सफॅटमध्ये येते आणि फोटो लायब्ररी त्यावर चालत नाही. लायब्ररीची फाइल तिथे कॉपी करा, ऑप्शन की दाबून धरून फोटोज ॲप उघडा, नवी लायब्ररी निवडा, आणि सेटिंग्जमध्ये तिलाच सिस्टिम फोटो लायब्ररी करा. सगळं नीट दिसतंय याची खात्री झाल्यावरच जुनी पुसायची. टाइम मशीनचा, म्हणजे मॅकच्या स्वतःच्या बॅकअप सोयीचा, बॅकअप मात्र तिसऱ्या डिस्कवर. ज्या डिस्कवर फोटो त्याच डिस्कवर बॅकअप म्हणजे बॅकअप नाहीच.

बाहेरच्या एसएसडीचा वेग कशावर ठरतो तेही बघून घ्या, नाहीतर महाग डिस्क घेऊन स्वस्त वेग मिळतो. पुढची दोन यूएसबी-सी पोर्टं सेकंदाला १० गिगाबिटची आहेत, प्रत्यक्षात हजार मेगाबाइटच्या आसपास. फोटो आणि बहुतेक व्हिडिओला तेवढं भरपूर होतं. ‘२० गिगाबिट’ लिहिलेली यूएसबी डिस्क घेऊ नका; मॅक ती पद्धत वापरत नाही, दहावरच चालवतो. खरोखर वेग हवा असेल तर यूएसबी४ किंवा थंडरबोल्टचं एनक्लोजर (एसएसडी बसवायचं कवच) घेऊन मागच्या थंडरबोल्ट ४ पोर्टात, म्हणजे यूएसबी-सीच्याच आकाराच्या पण जास्त वेगाच्या पोर्टात, लावा, तिथे सेकंदाला तीन हजार मेगाबाइटपर्यंत जाता येतं. असे एनक्लोजर तापतात, पंखा किंवा जाड धातूचं कवच असलेलं बघा.

खोक्यात काय नाही तेही किमतीत धरा. स्क्रीन, कळफलक, माउस नाही. मोठी यूएसबी-ए पोर्टं एकही नाही, एसडी कार्डाची खाच नाही. जुना पेनड्राइव्ह, प्रिंटरची वायर, डिजिटल सहीचं टोकन हे सगळं लावायला हब किंवा बदलपिना लागणार. स्क्रीन नवी घ्यायची असेल तर २७ इंची ४के घ्या. २७ इंची १४४०पी (४केपेक्षा कमी ठिपक्यांची) स्क्रीन स्वस्त असते आणि विंडोजवर चांगली दिसते, पण मॅकओएसमध्ये २०१८पासून अक्षरं गुळगुळीत करण्याची जुनी पद्धत काढून टाकलेली आहे, त्यामुळे त्या घनतेवर अक्षरं जरा फिसकटलेली दिसतात. देवनागरीत, बारीक वळणांमुळे, ते आणखी जाणवतं. स्क्रीनसकट सगळं नवं घेणार असाल तर साठ हजारांचा संगणक नव्वदच्या घरात जातो, हे आधीच कागदावर मांडा. बॅटरी नाही, म्हणून वीज जाणाऱ्या भागात यूपीएस हवाच, पण तो लहान चालतो: मिनी रिकामा बसला तर चार वॅट आणि जास्तीत जास्त ६५ वॅट घेतो. साधा ६०० व्हीएचा यूपीएस मिनी आणि स्क्रीन दोन्ही सांभाळतो.

विंडोजचा मिनी पीसी कधी बरा? एक, तुमचं काम ज्या सॉफ्टवेअरवर अडतं ते विंडोजपुरतंच असेल. टॅली, जुन्या फॉन्टांवर चालणारी मराठी अक्षरजुळणी, काही सरकारी संकेतस्थळांवरची डिजिटल सही. नव्या मॅकमध्ये बूट कॅम्प, म्हणजे मॅकवर थेट विंडोज चालवायची जुनी सोय, नाही. आभासी यंत्रात चालतं ते विंडोजचं आर्म प्रकारच्या चिपसाठीचं रूप. त्यात बरंचसं चालतं, पण टोकनचे आणि जुन्या प्रिंटरांचे ड्रायव्हर हमखास अडतात. ज्या कामावर पोट आहे त्याला ‘बरंचसं’ पुरत नाही. दोन, तुम्हाला मेमरी आणि साठवण पुढे वाढवायची असेल. तिथे बहुतेक यंत्रांत मेमरीच्या दोन खाचा आणि एम.२ची जागा असते, आणि तेव्हा ३२ जीबीला ॲपलच्या पायरीइतके पैसे पडत नव्हते.

पण तुलना करताना तिथलीही छापील किंमत जशीच्या तशी धरू नका. ‘बेअरबोन’ लिहिलं असेल तर मेमरी, एसएसडी आणि विंडोजचा परवाना किमतीत नाही. मेमरी एकाच पट्टीची दिली असेल तर आतल्या ग्राफिक्सचा वेग चांगलाच पडतो, दुसरी पट्टी धरून हिशेब करा. काही मॉडेलांत मेमरी बोर्डावरच डकवलेली असते, मग वाढवण्याचा मुद्दाच बाद. आयात करून विकणाऱ्याकडून घेत असाल तर वॉरंटी कोण देणार, यंत्र कुठे पाठवायचं, हे लेखी घ्या. आणि आवाज: साठ हजारांखालच्या अनेक लहान यंत्रांचा पंखा जोराच्या कामात चांगलाच ऐकू येतो, मिनी बहुतेक वेळ शांत असतो. रात्री त्याच खोलीत कोणी झोपत असेल तर याला किंमत आहे.

तुमच्या प्रश्नापुरतं सांगायचं तर: सॉफ्टवेअर मॅकवर चालतंय याची खात्री झाली असेल, तर ५९,९००चा पायाभूत मिनी भारतातच घ्या आणि वरचे वीस हजार ॲपलला देण्याऐवजी त्यातले निम्मे बाहेरच्या एसएसडीवर घाला. मोजमापात मेमरी कमी पडतेय असं दिसलं, तरच २४ जीबीच्या मॉडेलकडे वळा. कारखान्यातून खास जुळवून मागवायचं ३२ जीबीचं मॉडेल शक्यतो टाळा: ते यायला आठवडे लागतात, दुकानदारांकडे त्यावर क्वचितच सूट असते आणि पुढे विकताना वरचे पैसे सुटत नाहीत. बिल घेताना त्यावर यंत्राचा सिरियल नंबर छापलाय का बघा, तो खोक्यावरच्या नंबराशी ताडा, आणि व्यवसायाचं असेल तर जीएसटी क्रमांक पैसे भरण्याआधीच घालायला सांगा. बिल निघाल्यावर तो घालून घेणं फार जिकिरीचं असतं.